परसबाग वसंताची, हिशेब वैशाखाचा

भाजीच्या बियाण्याचे पाकीट असो, मोबाइलवरचा व्हिडिओ असो की परदेशी पुस्तकाचे मराठी रूप, वसंतातल्या लागवडीबद्दल ते बोलू लागले की त्यामागे एक गृहीत दडलेले असते. हिवाळा हा बागेचा वैरी. तो टळेपर्यंत थांबायचे, आणि टळला की पुढचे चार-सहा महिने रान मोकळे. इंग्लंडात हे खरेच आहे. तिथे काकडी-भोपळ्याची रोपे मे महिना बराचसा सरेपर्यंत उघड्यावर लावत नाहीत, कारण एका गोठवणाऱ्या रात्रीत सगळा वाफा काळा पडतो. वर्धा जिल्ह्यात मात्र वैरी पुढच्या बाजूने येतो. जानेवारीतल्या कडाक्याच्या रात्री इथला पारा १०-१२ अंशांवर उतरतो आणि बहुतेक भाज्या त्यातून कुरकुरत का होईना, निभावतात. मे महिन्यात तोच पारा ४४-४५ च्या पुढे जाणे कुणालाच नवे नाही, आणि त्यातून काकडीचा वेल निभावत नाही. म्हणजे आपल्याकडचा वसंत हा हंगामाचा आरंभ कमी आणि दोन ऋतूंमधली अरुंद फट जास्त. या फटीतून भाजी काढायची असेल तर तारखा थंडीपासून पुढे मोजून चालत नाही, उन्हापासून मागे मोजाव्या लागतात. आणि मागे मोजू लागले की माघातल्या पेरणीची तयारी थेट दसऱ्यापर्यंत जाऊन पोचते. सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या, चार वाफ्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटेल. पण होळीच्या सुमारास हौसेने लावलेल्या आणि अक्षय्य तृतीयेला वाळून गेलेल्या बागा गावोगाव दिसतात, त्यांचे कारण बहुधा या मोजणीतच असते.

मोजणी अशी. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास लागतो, पण त्याआधीचे दोन आठवडेही काही कमी नसतात. तेव्हा वेलवर्गीय भाज्यांचा मुख्य तोडा मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उरकायला हवा. काकडी पेरल्यापासून ४५ ते ५० दिवसांनी हाती येते, ढेमसेही साधारण तेवढ्याच दिवसांत, दोडका आणि दुधी भोपळा त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, आणि कारल्याला सरळ दोन महिने लागतात. एकदा तोडा सुरू झाला की तो चार-पाच आठवडे चालतो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टोकलेली काकडी २० मार्चच्या आसपास सुरू होते आणि एप्रिलअखेर आपले सगळे देऊन मोकळी होते. तीच १५ मार्चला टोकली तर पहिली काकडी मे उजाडताना दिसते, आणि वेल भरात येतो तो नेमका नवतपाच्या तोंडावर. इथे नुसते पाणी वाढवून भागत नाही, कारण अडचण मुळाशी नसून फुलात असते. काकडी, दोडका, भोपळा, कारले यांच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात, आणि उष्मा व मोठा दिवस यांमुळे नर फुलांचे प्रमाण वाढते. वेल हिरवागार, फुलांनी पिवळा, आणि फळ मात्र नाही, ही तक्रार उशिरा पेरलेल्या बागेची ठरलेली तक्रार आहे. टमाट्याचे दुखणे वेगळे असले तरी परिणाम तोच; दिवसाचे ऊन ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही गरम राहू लागल्या की परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. टमाट्याचे रोप म्हणूनच संक्रांतीपूर्वी जागेवर उभे पाहिजे. फेब्रुवारीच्या शेवटी रोपवाटिकेतून आणलेले रोप उन्हाळाभर पाणी पिते आणि पाने दाखवते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो खोटा नाही. जानेवारीत माती थंड असते, बी कुजते. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते, तेव्हा पेरणी त्यानंतरच करावी, असे जुने लोक सांगतात. वेलवर्गीय बियांना रुजायला २५ ते ३० अंशांची ऊब मानवते, १५-१६ च्या खाली त्या मातीत नुसत्या पडून राहतात, हे खरेच. पण थंडी असते ती मातीच्या वरच्या थरात आणि रात्री. बी तिथेच रुजवले पाहिजे असा काही नियम नाही. कारल्याचे जाड कवचाचे बी दिवसभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळच्या उबेत किंवा धान्याच्या डब्यात ठेवायची रीत घरोघरी माहीत असलेलीच आहे. मोड आला की ते कागदी द्रोणात किंवा दुधाच्या रिकाम्या पिशवीत लावावे, दिवसा अंगणातल्या उन्हात आणि रात्री पडवीत ठेवावे. दोन-तीन पानांवर आल्यावर मातीचा गोळा न फुटू देता आळ्यात उतरवावे. वेलांची मुळे दुखावलेली चालत नाहीत, म्हणून वाफ्यात रोप तयार करून उपटून लावण्याचा वांग्या-मिरचीचा प्रकार इथे करू नये. या एका युक्तीने दोन-तीन आठवडे पदरात पडतात, आणि आपल्या फटीत दोन-तीन आठवडे म्हणजे निम्मा तोडा. गारपिटीचा धोका मात्र उरतोच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्याने तो पाहिला. शेताला झाकता येत नाही, पण चार आळ्यांवर टोपल्या उपड्या घालता येतात. परसबागेचा लहानपणा हा अशा वेळी तिचा गुण ठरतो.

रोप घरात उबेला असताना जमीन तयार होत असली पाहिजे, आणि इथे काळी माती आपल्या अटी घालते. वर्ध्याची बरीचशी जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या हात-हात खोल भेगा त्यामुळेच. ती पाणी भरपूर धरते, हा तिचा थोर गुण, पण खणण्याच्या बाबतीत ती फार मानी. ओली असताना कुदळ घातली तर चिखलाचे गोळे निघतात आणि वाळून त्यांची दगडासारखी ढेकळे होतात. पार कोरडी असताना घातली तर कुदळीचा दांडा तुटतो. या दोन टोकांच्या मध्ये जो थोडा काळ असतो त्याला शेतकरी वाफसा म्हणतो. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, आणि अंगठ्याने दाबल्यावर तो चिकटून न राहता भुगा व्हावा, ही त्याची साधी परीक्षा. पावसाळ्यानंतर कोरडी पडलेली परसातली जागा पौषात एकदा भरपूर भिजवावी, चार-सहा दिवस थांबावे, वाफसा आला की एक वीत-दीड वीत खणावी आणि ढेकळे तशीच उन्हा-थंडीत पडू द्यावीत. रात्रीचा गारवा आणि दिवसाचे ऊन यांनी ती आपोआप फुटतात. पावडे घेऊन त्यांच्याशी झुंजण्याचे कारण राहत नाही. हे काम संक्रांतीच्या आत झाले नाही तर पुढे होत नाही, कारण मग घाईने ओल्यातच खणले जाते आणि त्या ढेकळांची शिक्षा रोपांची मुळे उन्हाळाभर भोगतात.

वाफा कसा करावा याबद्दलही आयात केलेल्या सल्ल्याने मोठा घोळ घातला आहे. उंच गादीवाफा, फळ्यांच्या चौकटीत भरलेली माती, हे चित्र इतके रुळले आहे की परसबाग म्हटली की तेच डोळ्यांपुढे येते. थंड देशात त्याला कारण आहे: उंच माती लवकर तापते आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी तिच्यातून निथळून जाते. आपल्याला फेब्रुवारीत माती तापवायची नाही, आणि निथळून जायला पाणीच नाही. उंचावलेला वाफा एप्रिलमध्ये चारी बाजूंनी वाळतो. उन्हाळ्याच्या बागेला उलटा आकार लागतो: भोवतीच्या जमिनीपेक्षा चार-सहा बोटे खोल वाफा, कडेला मातीचा बांध, म्हणजे घातलेले पाणी तिथेच मुरते आणि तळाशी वाऱ्याची झळ कमी लागते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या कोरड्या मुलखात झुनी आदिवासी पिढ्यान् पिढ्या असे लहान लहान, बांधांनी वेढलेले चौकोनी खळगे करून भाजी पिकवत आले. आपल्याकडचे आळे हा त्याच अकलेचा देशी अवतार. पावसाळ्यात मात्र हाच खळगा काळ्या मातीत डबके होऊन बसतो आणि मुळे गुदमरतात, तेव्हा तिथे गादीवाफा हवा. थोडक्यात, एकाच जागेला वर्षातून दोनदा आकार बदलावा लागतो. सिमेंटच्या चौकटी बांधून बाग कायमची करून टाकणाऱ्यांनी हा मार्ग बंद करून घेतलेला असतो.

आता खताकडे, म्हणजे दसऱ्याकडे. मेपासून मागे मोजत आपण फेब्रुवारीच्या पेरणीशी आणि पौषातल्या खणण्याशी आलो. खणलेल्या मातीत मिसळायचे खत पूर्ण कुजलेले असावे लागते. अर्धकच्चे शेण मातीत तापते, हुमणीला आणि वाळवीला बोलावते, आणि कुजण्यासाठी लागणारे नत्र रोपाच्याच तोंडचे काढून घेते. हेक्टरी २० टन शेणखत हे नेहमीचे प्रमाण परसात आणले तर एका चौरस मीटरला २ किलो होते, म्हणजे २० चौरस मीटरच्या बागेला ४० किलो, दोन-तीन पोती. ते कुजायला तीन महिने द्यायचे म्हटले तर ढीग ऑक्टोबरात लागला पाहिजे. आणि योगायोग असा, की वर्धा जिल्ह्यात ढीग लावायला ऑक्टोबरइतका चांगला महिना नाही. सोयाबीनची मळणी होऊन कुटाराचे ढीग पडलेले असतात, बांधावरचे तण अजून हिरवे असते, हवेत ओल असते, विहिरींना पाणी असते. सुके कुटार, हिरवे तण, शेणकाला, थोडी जुनी माती आणि चुलीची राख एवढे सामान एकाच वेळी पुन्हा वर्षभरात मिळत नाही. ते शेताच्या धुऱ्यावर पेटवून द्यायचे आणि जानेवारीत चकचकीत पिशवीतले खत विकत आणायचे, हा व्यवहार किती महाग आहे याचा हिशेब सहसा मांडला जात नाही.

या ढिगाचे शास्त्रही आपल्यासारख्याच मातीतून आलेले आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत होते, आणि तिथे त्यांनी जी कंपोस्टची पद्धत बसवली तिला पुढे जगभर इंदूर पद्धत हेच नाव पडले. १९३१ साली त्यावर निघालेल्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचे नाव आहे, हे आपल्याकडे फारसे आठवले जात नाही. कापसाचा मुलूख असल्याने त्यांच्यापुढे आपलाच प्रश्न होता: पऱ्हाटी आणि तुराट्या लवकर कुजत नाहीत. त्यांनी त्या संस्थेच्या रस्त्यांवर पसरल्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेतल्या. उथळ खड्ड्यात थर लावायचे, ओल राखायची, आणि तीन महिन्यांत तीनदा ढीग उलथायचा, एवढीच ती पद्धत. हॉवर्ड इंदूर सोडून गेल्यावर चारच वर्षांनी, १९३५ मध्ये, गांधीजींच्या 'हरिजन'मधून या पद्धतीची माहिती खेड्यांसाठी दिली गेली. तेव्हा अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत, जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, नुकतेच बसले होते आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत होते. खेड्यातली घाण आणि खेड्यातली निकस भाकरी हे दोन वेगळे प्रश्न नसून एकाच उकिरड्यावर सुटू शकतात, हा त्या मंडळींचा आग्रह होता. आज त्यात एक भर घालावी लागेल. पऱ्हाटी घराशेजारी रचून ठेवली की न फुटलेल्या बोंडांतून गुलाबी बोंडअळीही मुक्कामाला राहते. तेव्हा बागेत पऱ्हाटी वापरायची तर बोंडे आधी झाडून नष्ट करावीत, मगच काड्या घ्याव्यात.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो सगळ्यात जड. जिथे एप्रिलमध्ये नळ दोन दिवसांआड येतो तिथे भाजीला पाणी घालणे हे चैनीचे लक्षण नाही काय? उत्तर भावनेने देण्यापेक्षा बादलीने द्यावे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. ढोबळ मानाने फेब्रुवारीत भरल्या वाफ्यातून दिवसाला ४ मिलिमीटर पाणी उडते, मेमध्ये ७ ते ८. २० चौरस मीटरची बाग पूर्ण झाकलेली धरली तर फेब्रुवारीत ८० लिटर आणि मेमध्ये १५० लिटर रोजचे झाले. आता घरातले पाहा. जलजीवन मिशनचे माप माणशी ५५ लिटरचे आहे. पाच माणसांच्या घरी २७५ लिटर. पिणे-स्वयंपाक वजा केला तर यातले बरेचसे पाणी अंघोळ, धुणे, भांडी करून मोरीतून रस्त्यावर जाते आणि तिथे डास पोसते. म्हणजे बागेसाठी वेगळे पाणी मागायचेच नाही. एकदा वापरलेले दुसऱ्यांदा वापरायचे. शिवाय बाग पूर्ण झाकलेली नसते. वेलांची आठ-दहा आळी आणि पालेभाजीचे दोन वाफे एवढेच भिजवायचे, वर कुटाराचा चार बोटे थर पसरायचा, म्हणजे गरज निम्म्यावर येते. आणि मागे मोजून पेरलेली बाग मेमध्ये, पाणी सगळ्यात टंचाईचे असताना, आटोपत आलेली असते. पाण्याचा आक्षेप खरे तर उशिरा लावलेल्या बागेवर आहे.

मात्र मोरीचे पाणी जसेच्या तसे सोडण्यात एक खोच आहे, आणि ती सांगितली जात नाही. कपडे धुण्याच्या सोड्यात आणि पावडरीत सोडियम असते. आपली काळी माती आधीच अल्कधर्मी, तिचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान. त्यात सोडियम साचत गेले की चिकणमातीचे कण सुटे होऊन जमीन चोपण होते, पाणी वर थांबते आणि मुळापर्यंत जात नाही. म्हणून पावडरीचे पहिले पाणी बागेला नको. तांदूळ-डाळ-भाजी धुतलेले पाणी थेट घालावे, अंघोळीचे आणि कपडे खळबळल्याचे शेवटचे पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून काढून वेलांना द्यावे, आणि त्या खड्ड्याच्या तोंडाशी केळी, अळू, कर्दळ लावावी. कच्ची खायची पालेभाजी मात्र स्वच्छ पाण्यावरच वाढवावी. कमी पाण्यात सगळ्यात जास्त काम करणारे साधन तर कुंभाराकडे आहे. बिनझिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरायचे, भरून झाकायचे, आणि भोवती चार वेल लावायचे. माती कोरडी पडेल तसे मडके पाझरते, ओली असेल तेव्हा थांबते. चीनमधल्या फान शंग-च यांच्या इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या शेतीग्रंथात भोपळवर्गीय फळांसाठी हीच रीत, एका मडक्याभोवती चार वेल, सांगितली आहे. गेल्या उन्हाळ्यात पाणी नीट गार न करणारे जुने माठ टाकून देण्यापेक्षा तपासून पाहावेत. जे अजून झिरपतात ते बागेत चालतात, ज्यांची छिद्रे क्षारांनी बुजली ते नाही.

आणखी एक तयारी सावलीची, आणि तिचा विचार सहसा बाग करपायला लागल्यावरच होतो. सकाळचे ऊन भाजीला हवेच असते. मारते ते दुपारी दोननंतरचे, पश्चिमेकडून तिरपे येणारे, भिंतीवर आपटून परतणारे. म्हणून वाफे घराच्या पूर्वेला घ्यावेत, आणि ते शक्य नसेल तर पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांची ताटी उभी करावी. हिरवी जाळी बाजारात मिळते आणि निम्मे ऊन अडवणारी जाळी पालेभाजीला पुरते, पण ती पत्र्यासारखी घट्ट ताणून चारी बाजूंनी बंद केली की आत भट्टी होते. वारा खेळायला हवा. सगळ्यात स्वस्त सावली वेलाचीच. पऱ्हाटी आणि बांबूचा मांडव घालून दोडका-कारले वर चढवले की मार्चअखेर खाली जी कवडशांची सावली पडते, तिच्यात तांदुळजा, पालक आणि सांबार, म्हणजे उरलेल्या महाराष्ट्राची कोथिंबीर, आणखी तीन-चार आठवडे तग धरतात. एरवी सांबार मार्चमध्येच फुलावर येतो. हळदीलाही विरळ सावली मानवते. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परसात तिच्या एका ओळीची काढणी फेब्रुवारीत होते आणि तीच मोकळी, भुसभुशीत झालेली ओळ काकडीच्या आळ्यांना आयती मिळते.

काय लावायचे, याची यादी वेलांवर संपू नये. १९३५ च्या सुरुवातीला गांधीजींनी मगनवाडीतून हिरव्या पानांच्या आहारमूल्यावर 'हरिजन'मध्ये लिहिले. मोहरी, शेपू, मुळा, गाजर, सलगम यांचा पाला ते कच्चा खाऊन पाहत होते. ही यादी शेतकऱ्याच्या नजरेने वाचली की लगेच ध्यानात येते: सगळी पाने हिवाळ्यातली आहेत. वर्ध्यात एप्रिल उजाडला की यातले एकही उरत नाही. हिरव्या पानाचा खरा दुष्काळ उन्हाळ्यात पडतो, आणि राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले असताना तो दुष्काळ किरकोळ म्हणता येत नाही. 'उमेद' अभियानाने २०२० पासून बचत गटांच्या मार्फत पोषण परसबागांची मोहीम चालवली, ती मुख्यतः जून-जुलैच्या पावसावर उभी. तिचे स्वागतच आहे, पण पावसाळ्यात रानभाजी बांधावरही मिळते. बागेची गरज जास्त आहे ती रान वाळलेले असताना. त्यासाठी उन्हाला न घाबरणारी पाने हवीत: शेवगा, हादगा, कढीपत्ता यांसारखी झाडे, मायाळूचा वेल, आणि पुन्हा पुन्हा पेरता येणारा तांदुळजा. शेवगा पश्चिमेला लावला तर दुपारची सावलीही देतो. फळभाज्यांत गवार आणि बरबटी उन्हाला सोशिक, आणि शेंगवर्गीय असल्याने मातीला नत्रही देतात. भेंडी फेब्रुवारीत लावली तर छान, पण उशिरा लावलेल्या भेंडीवर पांढरी माशी केवडा आणते आणि पाने पिवळ्या जाळीची होऊन जातात.

बाजारात फेब्रुवारी-मार्चला भाजी स्वस्त असते, मग घरी कष्ट कशाला, असेही विचारले जाते. स्वस्त असते ती हिवाळी भाजी: कोबी, फुलकोबी, वांगी. ती परसात लावण्याची गरज खरेच नाही. दर चढतात एप्रिल-मेमध्ये, आणि मागे मोजून पेरलेली बाग नेमकी त्याच्या आगेमागे देऊ लागते. ही बाग घराची सगळी भाजी पुरवील असे मात्र कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी धरली तर पाच माणसांना दिवसाला २ किलो लागते; २० चौरस मीटर तेवढे देणार नाही. ते पानांची, मिरची-लिंबाची आणि आठवड्यातून तीन-चार वेळच्या भाजीची सोय करील, आणि ती ताजी असेल. बैल-अवजाराशिवाय काळ्या मातीत काही होत नाही, या समजुतीला वर्ध्याजवळच्या पवनारच्या आश्रमाने केव्हाच उत्तर दिले आहे. १९५० मध्ये धाम नदीच्या काठी विनोबांनी ऋषिशेतीचा प्रयोग मांडला. बैल नाही, हातांनी खणायचे आणि रहाट माणसांनी ओढायचा. विनोबा १९५१ च्या मार्चमध्ये पायी तेलंगणाकडे निघाले आणि पुढे भूदानात गुंतले, त्यामुळे तो प्रयोग शेतीच्या मापाने किती पुढे गेला असता हा वाद राहील. पण परसाएवढ्या तुकड्याला कुदळ पुरते, यात वाद नाही. उरली माकडे. त्यांच्यापुढे युक्तिवाद चालत नाही, जाळी चालते. जाळी नसेल तर काकडी-टमाट्याचा मोह आवरून हळद, अळू आणि कारले यांवर भिस्त ठेवावी.

आणि ज्यांनी दसऱ्याला ढीग लावला नाही, त्यांनी? त्यांनी सगळा वाफा खणायचा हट्ट सोडावा. पौष-माघात फक्त दोन-अडीच हातांवर एकेक असे आठ खड्डे घ्यावेत, हातभर रुंद आणि हातभर खोल, आणि शेजाऱ्याकडचे जुने शेणखत किंवा विकतचे गांडूळखत फक्त तेवढ्यात मातीशी निम्मेनिम्म मिसळून भरावे. मधली जमीन कुटाराने झाकून ठेवावी. उन्हाळाभर झाकलेली काळी माती पावसाला खणायला मऊ लागते. वेलांच्या कोवळ्या दोन पानांवरचे तांबडे भुंगेरे सकाळीच हाताने वेचावेत, कारण त्या वयात एक दिवसाची ढिलाई म्हणजे रोप गेले. ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून गाळलेली, बहुतेक रसशोषक किडींना पुरतो. निंबोळ्या पडतात पावसाच्या तोंडावर, तेव्हा त्याही आदल्या वर्षी वेचून वाळवलेल्या हव्यात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दमलेले वेल उपटून थेट ढिगात टाकावेत, मडकी काढून पालथी घालावीत आणि रिकाम्या वाफ्यांना नवतपाचे ऊन खाऊ द्यावे. मग मृगाच्या आधी, पहिला वळीव पडून वाफसा आला की, खोलगट वाफ्यांचे बांध फोडून माती मध्ये ओढावी आणि तिथे गादीवाफे करावेत.